टाळ्या वाजल्या आणि तास बंद झाला

अन्याय झाला तो चौथीतल्या एका मुलीवर. गेल्या वर्षी, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला, शिरूर तालुक्यातल्या एका छोट्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात. ज्यांनी केला त्यांनी टाळ्या वाजवत केला. मी तिथंच बसले होते आणि मला तो थांबवता आला नाही.

मुलीचं नाव लिहीत नाही, तिला अजून शाळेत जायचंय. शाळेचं लिहीत नाही, कारण लिहिलं की लोक त्या एका शाळेला बोल लावून मोकळे होतील आणि स्वतःच्या गावच्या शाळेकडं बघायचे नाहीत.

मी शिरूरची. डी.एड. केलं, भरतीची वाट बघितली, वाट बघून कंटाळले, आणि मग काही पोरापोरींबरोबर पत्रकं लिहायला लागले. रेशन, एसटीच्या फेऱ्या, रांजणगावच्या कंपन्यांतली कंत्राटी पोरं, असले विषय. पत्रकं लिहिता लिहिता शाळांचा विषय आला, आणि नुसतं लिहून भागेना म्हणून मी त्या शाळेत शिकवायला जाऊ लागले. पगार नाही, आठवड्यातले काही दिवस, सकाळची गाडी पकडून.

शाळा दोन मास्तरांची. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक व्हरांडा, मागं कुणाचा तरी ऊस. मुख्याध्यापक तिसरी-चौथीला आणि मॅडम पहिली-दुसरीला. ज्यांनी अशी शाळा बघितली नाही त्यांनी एवढंच समजून घ्या की फळ्याच्या मधोमध उभी रेघ असते. डावीकडं तिसरीचं गणित, उजवीकडं चौथीची कविता. एक बाजू शिकत असते तेव्हा दुसरी बाजू तोंडावर बोट ठेवून बसते. त्यात एखादं पोर मागं राहिलं तर त्याच्यापाशी बसायला माणूस कुठून आणायचा?

मुख्याध्यापकांनी यावर एक तोड काढली होती, आणि ती चांगली होती, हे आधीच सांगून टाकते. परिपाठ झाला की पहिला तास इयत्तेचा नसायचा. चारी वर्गांची पोरं उठायची आणि ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणं बसायची. त्यासाठी सरांनी तीन रंगांच्या बस्करपट्ट्या आणल्या होत्या. अक्षरंच ओळखू येत नाहीत ते लाल पट्टीवर. शब्द येतात पण वाक्यात अडखळतात ते पिवळीवर. गोष्ट सलग वाचतात ते हिरवीवर. हिरवी पट्टी सर घ्यायचे, पिवळी मॅडम, आणि लाल व्हरांड्यात माझ्याकडं. तो तास संपला की ज्याचं त्याचं पुस्तक, ज्याचा त्याचा धडा.

सुरुवातीला रडारड झाली. दुसरीतलं पोरगं हिरवीवर आणि चौथीतला त्याचा भाऊ लालवर, म्हटल्यावर होणारच. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पट्टीला लाजायचं न्हाई. मीबी पयल्यांदा सायकलवरनं पडलोच होतो." तेवढ्यात मागून एक पोरगं म्हणालं, "सर, तुम्ही परवाबी पडला." सर स्वतःच हसत सुटले. असा माणूस होता तो. पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नका.

ती मुलगी लाल पट्टीवर सगळ्यांत उंच. वडील विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून दुरुस्त करून द्यायचे, आई कपडे शिवायची. मशिदीमागच्या आळीत घर, पणजोबांपासून त्याच गावात. पोरीचा कान असा की एकदा ऐकलं ते कायमचं. आम्ही पोरांना सहलीला इनामगावच्या टेकाडावर नेलं होतं, जिथं खोदल्यावर फार जुन्या लोकांची घरं निघाली ते टेकाड. सरांनी तिथं उभ्या उभ्या माहिती सांगितली. दुसऱ्या दिवशी परिपाठाला तिनं ती सगळी म्हणून दाखवली. चुलीची जागा, धान्याच्या कणग्या, मधलं सरांचं खोकणं, आणि "ए, मागं कोण दात काढतंय" हेसुद्धा, सरांच्याच आवाजात. पोरं लोळली हसून.

अक्षर मात्र तिच्यापुढं टिकायचं नाही. आज 'म' दाखवला, म्हणाली. उद्या तोच 'म' तिला 'भ' दिसायचा. फळ्यावरचं उतरवून घेताना शब्द अर्ध्यावर तुटायचा आणि उरलेला अर्धा भलत्याच ओळीत जाऊन पडायचा. आळस नव्हता. घाम यायचा तिला लिहिताना. डी.एड.ला एका प्रकरणात शिकले होते की काही मुलांना अक्षर धरायला वेगळी वाट लागते, वेळ जास्त लागतो, आणि रोज लागतो. मी सरांना म्हटलं. सर म्हणाले, "तालुक्याचे विशेष शिक्षक येत्यात, तवा दाखवू." ते एकटे आणि त्यांच्यामागं शाळाच शाळा. आले त्या दिवशी पोरगी तापानं घरी. पुढच्या खेपेला आले ते दुसऱ्याच कसल्या माहितीसाठी, उभ्या उभ्या गेले.

मग मी मला जमेल तसं केलं. ताटात वाळू घेतली, बोटानं अक्षर काढायला लावलं. एक अक्षर आठवडाभर. तिची बाराखडी कुणी ऐकली असती तर वाटलं असतं सगळं येतंय. म्हणून मी बाराखडी म्हणायलाच बंदी केली. दिवाळीपर्यंत मूठभर अक्षरं तिच्या हाती लागली. संक्रांतीच्या सुमाराला तिनं भिंतीवर रंगवलेला 'नळ' हा शब्द स्वतः वाचला. कुणी सांगितलं नव्हतं. वाचला आणि उठून नळापाशी जाऊन उभी राहिली, खात्री करायला. मी दिवसभर हवेत होते. वाटलं, चौथी संपेपर्यंत ही पिवळी पट्टी गाठते.

आता चाचणीचं सांगते. वाचन तपासायला वरून कार्डं यायची. कार्डावर एक उतारा. पोरानं तो वाचला की "गोष्ट वाचते" अशी नोंद. मी गेले त्याच्याही आधीपासून उतारे तेच होते. गावात आठवड्याचा बाजार भरतो, आजोबा पेरू आणतात, नातवंडं वाटून खातात, एक पेरू बकरी पळवते. चाचणी व्हायची व्हरांड्यात, मोठ्यानं, बाकीची पोरं रांगेत. म्हणजे रांगेतलं शेवटचं पोर तो उतारा वीस-पंचवीस वेळा ऐकून मग वाचायला यायचं. वर्षात अशा किती चाचण्या. गावातल्या पोरांना तो पेरूचा उतारा आरतीसारखा पाठ होता. शाळा सुटल्यावर झाडाखाली चाचणी-चाचणी खेळायची पोरं. एक जण साहेब व्हायचा, गळ्यात रुमाल टाकायचा आणि म्हणायचा, "आधी चहा आणा, मंग बघू कोण हुशार हाय."

ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती असं नाही. सरांना माहीत होती, मॅडमना होती, मला होती. हसायचो आम्ही त्यावर.

त्या दिवशी केंद्रप्रमुख आले. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, माणूस तसा गोड बोलणारा. वरून त्यांना सांगितलेलं होतं की शाळेत अक्षर न येणारं एकही पोर उरता कामा नये, म्हणजे आमच्याकडं लाल पट्टी रिकामी दिसली पाहिजे. रांग लागली. पोरांनी भराभर बाजार भरवला, पेरू आणले, बकरी पळवली. तिची पाळी आली. तिनं कार्ड हातात धरलं, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि सुरू झाली. स्वच्छ आवाज, जिथं थांबायचं तिथं थांबली, बकरीच्या वाक्याला तर साहेब हसले. मी बोटाकडं बघत होते. बोट ओळ संपवून खालच्या ओळीवर गेलं होतं आणि तोंड अजून वरच्या ओळीच्या मध्यावर होतं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवल्या. मग सगळ्या पोरांनी.

मी म्हटलं, "साहेब, एकदा मधलं वाक्य वाचायला सांगा तिला." मीच कार्डावर तिसऱ्या ओळीत बोट ठेवलं. "इथून वाच गं."

तिनं माझ्या बोटाकडं बघितलं, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. "आज गावात बाजार होता."

"ओ ताई," साहेब म्हणाले, "एवढी छान वाचतीय पोरगी. का घाबरवताय?"

"साहेब, तिला पाठ आहे ते."

"पाठ तर मलाबी हाय," ते म्हणाले, आणि सगळे हसले. तीही हसली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी कुठल्या पत्रकात लिहू शकले नसते. तिला खरंच वाटलं होतं की याला वाचणं म्हणतात आणि आपल्याला ते आलं.

त्या एका दिवसात लाल पट्टीवरचं प्रत्येक पोर वर चढलं. मधल्या सुट्टीत शिपाई नसल्यामुळं सरांनी स्वतःच लाल पट्टी गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. लाल पट्टीच नाही म्हटल्यावर तिचा तास कशाला? तो बंद. व्हरांड्यात बसायची जागा शिष्यवृत्तीच्या सरावाला दिली.

मधल्या सुट्टीत पोरगी घरी सांगून आली, आणि सुट्टीनंतर तिची आई शाळेत आली, पेढे घेऊन.

"घ्या, ताई. तुमच्याच हातानं झालं."

मी पेढा हातात घेतला आणि म्हटलं, "भाभी, तिला अजून वाचता येत नाही. तिला ते पाठ आहे."

"म्हंजी?"

"ऐकून ऐकून पाठ. दुसरं काही दिलं तर येणार नाही. तिला वेगळं शिकवायला लागेल. थोडं थोडं यायला लागलंय, आता सोडलं तर जाईल."

तिनं पेढ्यांच्या पुड्याचं झाकण लावलं. "सायेब म्हणला येतंय. सर म्हणले येतंय. समद्या पोरांदेखत टाळ्या वाजवल्या. आन् तुम्ही एकट्या म्हणताय न्हाई. लाल पट्टी उठली त्याचं दुखतंय का तुम्हाला? दुसरी पोरं बघा की बसवायला."

त्या बाईला मी दोष देत नाही. इतके दिवस तिची पोरगी सगळ्यांत उंच असून लाल पट्टीवर बसत होती. शेजारणी विचारायच्या, "तुझी अजून लालवरच का?" आता पहिल्यांदा कुणीतरी तिला चांगलं सांगितलं होतं, आणि मी ते काढून घ्यायला उभी होते.

शाळा सुटल्यावर मी सरांना गाठलं. ते खोल्यांना कुलपं लावत होते.

"सर, तुम्हाला माहीत आहे तिला वाचता येत नाही."

"व्हय, माहीत हाय."

"मग?"

"मग काय, ताई? पोर मागं हाय असं मी लिहिलं की मला नोटीस येती, तुम्ही काय केलं म्हणून. पोर पुढं गेलं असं लिहिलं की कुणी काही विचारत न्हाई. मदत मागायची तर आधी लिहायला लागतं पोर मागं हाय. आता तुम्हीच सांगा, मी कुठल्या तोंडानं मदत मागू?" कुलूप ओढून बघत ते म्हणाले, "लाल पट्टी मीच आणली होती. मला काय गुंडाळायची हौस होती?"

मला या माणसाचा राग आला आणि त्याच्याविरुद्ध लिहिताही येईना. मला जे येतं ते मी केलं. पत्रक लिहिलं. एका पानात, कुणाचं नाव न घेता: पोरं पाठ म्हणतात आणि तुम्ही वाचलं असं लिहिता, उतारा बदला, चाचणी एकेकट्या पोराची घ्या, आणि लाल पट्टी असलेल्या शाळेला शिक्षा नाही, माणूस द्या. शिरूरच्या एसटी स्टँडवर आणि आठवडे बाजारात वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली, काहींनी त्यात शेंगदाणे बांधून नेले.

गावानं मात्र लाल पट्टीवरनं ओळखलं. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, गावातले मोठे कांदेवाले बागाईतदार, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी मला बैठकीला बोलावलं. चहा दिला. मग म्हणाले,

"पोरी, एक विचारू? ही शाळा बंद पाडायची हाय का तुला?"

"नाही, आप्पा. पोरांना वाचायला यावं एवढंच."

"शाळेचा पट किती हाय ते बघितलंस का? उद्या कुणी वर जाऊन सांगितलं, या शाळेत पोरांना काय येत न्हाई, तर वरचे म्हणतील, उचला पोरं, घाला मोठ्या शाळेत. मंग ही बारकी पोरं कुठं जातील? रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर बघितलेस ना कसे पळत्यात?"

"मग खोटं लिहायचं?"

"खोटं कुठं? चांगलं लिहायचं." बाकीचे सदस्य माना हलवत होते. एकानं मागून हाणलं, "पत्रकवाल्याबाई, एक पत्रक आमच्या विजेच्या डीपीवर लिवा, लाइट तरी यील."

हसले सगळे. मला हसू आलं नाही. आप्पांचं चूक असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. शाळा वाचवायची म्हणून गावानं शाळेचं नाव राखलं, आणि नाव राखायला जे पोर द्यायला लागलं ते दिलं. पुढच्या आठवड्यात सरांनी मान खाली घालून सांगितलं, "ताई, काही दिवस येऊ नका."

मला ती मुलगी शेवटची दिसली ती शाळेच्या फाटकाबाहेर. मी म्हटलं, तुझ्या घरी येते संध्याकाळी, अक्षरं घेऊ थोडी. ती म्हणाली, "मला आता येतं की, ताई," आणि पळाली.

जूनमध्ये ती पाचवीला गेली. वडिलांनी मामाच्या भागीत वरवंडला हायवेवर पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान टाकलं, म्हणून सगळं बिऱ्हाड दौंड तालुक्यात गेलं. तिथल्या जवळच्या एका शाळेत नाव घातलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. दसरा झाल्यावर एके दिवशी तिच्या आईचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. म्हणाली, "पोरगी शाळेत जात न्हाई, ताई. एकदा येता का?"

शिरूरहून न्हावरा, न्हावऱ्याहून चौफुला, तिथून दुसरी गाडी. दुकानात वडील मोटार उघडून बसले होते, पोरगी शेजारी स्टुलावर. सकाळची शाळेची वेळ, अंगात घरचा फ्रॉक. गिऱ्हाइकाचा नंबर वडिलांनी विचारला आणि तिनं तोंडपाठ सांगितला. दुसऱ्याचा विचारला, तोही. वडील मला म्हणाले, "बघा, ताई. हिच्या डोक्यातच समदं हाय. हिला वाचून करायचंय काय?" त्यात कौतुक होतं आणि त्यात त्यांनी हात टेकले होते, दोन्ही एकाच वाक्यात.

आईनं आत नेऊन सांगितलं. जून-जुलैत पोरीनं रेटलं. बाई कुणाला तरी आधी वाचायला लावायच्या, ही ऐकायची, आपली पाळी आली की म्हणायची. पण पाचवीत धडे मोठे, विषय जास्त, इंग्रजी वेगळं, हिंदी वेगळं. कान तरी किती धरणार? एक दिवस बाईंनी तिलाच पहिल्यांदा उठवलं. नवा धडा, कुणी न वाचलेला. ती उभी राहिली. पुस्तक धरून उभीच राहिली. मग तिनं पेरूचा उतारा म्हणायला सुरुवात केली.

वर्ग किती हसला असेल ते तुम्हीच ताडा. तेव्हापासून सकाळ झाली की तिच्या पोटात दुखतं.

मी त्या बाईंना भेटले. वर्ग भरलेला, बाई दमलेल्या, पण टाळलं नाही त्यांनी. त्यांच्या शाळेतही मदतीचा गट होता. आठवड्यातून ठरावीक तास, वेगळे बसवून, हळूहळू शिकवणं. कागदावर अगदी छान.

"मग तिला त्यात घ्या की, मॅडम."

"गट जूनमध्येच पडतात, आधीच्या शाळेच्या नोंदीवरनं. हिची नोंद 'गोष्ट वाचते' अशी आली."

"पण तुम्ही बघितलंय ना तिला."

"बघितलंय. अक्षरं पण धड नाहीत. पण मी तसं लिहिलं तर मला विचारणार, चौथीत वाचणारी मुलगी तुमच्या वर्गात येऊन विसरली का?" त्यांनी हजेरीचं पुस्तक मिटलं. "पुण्याला तज्ज्ञांकडं तपासायला पाठवायचं म्हटलं तरी शिफारस शाळेची लागते. आणि शिफारस करायची तर नोंदीत अडचण दिसायला हवी. नोंदीत तर अडचण नाहीच."

मी तिथं बाकावर बसून राहिले. एका शाळेनं भीतीनं खोटं लिहिलं आणि दुसरीला भीतीनं ते खोडता येईना. दोन्हींकडं शिकवणारी माणसं बरी. दोन्हींकडं मदतीचा तास होता. एकीकडं तो पोरीच्या यशानं बंद पाडला आणि दुसरीकडं त्याच यशानं तिला आत घेतलं नाही. मोडलेला हात कुणी "बरा आहे" म्हणून सोडून दिला असता तर गावानं दवाखाना डोक्यावर घेतला असता. अक्षर मोडलेलं दिसत नाही म्हणून हे असं चालतं.

संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर मी तिच्यापाशी बसले. पिशवीत वाळूचं ताट होतं. आधी तिनं बोट लावलं नाही. मग लावलं. संक्रांतीपर्यंत जेवढी अक्षरं हाती आली होती त्यातली बहुतेक गेली होती. मी एक छोटं वाक्य लिहून दिलं. तिनं बराच वेळ बघितलं. हायवेवरून गाड्या जात होत्या. मग अगदी हळू म्हणाली,

"तुम्ही एकदा मला ऐकवा ना, ताई. मंग मी म्हणते."

मी ताटातली वाळू सपाट केली. तिची आई दारात उभी होती. म्हणाली, "तवा तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई. जाऊ द्या ते. आता सांगा, हिला शिकवणार कोण? हिचा बाप म्हणतो वर्षभर घरी राहू दे. घरी राहिली की परत कोण धाडतं?"

मी म्हटलं, मी रविवारी येईन. जाते आहे. गाडी मिळाली तर दुपारच्या आत पोचते. पण ज्या पोरीला अक्षर रोज लागतं तिला रविवारचा एक तास म्हणजे शनिवारपर्यंत सगळं पुसून जायला वेळ. परवा बापानं पहिल्यांदा शाळेत जाऊन विचारलं, दाखला काढायला काय लागतं. अजून काढलेला नाही. पाचवी संपायला अजून थोडे महिने आहेत, तेवढीच मुदत.

वर मी अर्ज केले. त्यांचं पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून मागणी त्यांच्याकडं करत नाही, तुमच्याकडं करते.

तुम्ही शिरूरमधले असा की दौंडमधले, पोर तुमचं असो की शेजाऱ्याचं, त्याच्यापाशी एकटं बसा. त्यानं कधी न ऐकलेलं काहीही छापील घ्या, वर्तमानपत्र, खताच्या पोत्यावरचा मजकूर, लग्नपत्रिका. मधल्याच ओळीवर बोट ठेवा आणि वाचायला सांगा. नाही आलं तर रागवू नका, टाळ्याही वाजवू नका. येत्या पालकसभेला जा, चहापाण्याच्या आधी उभे राहा, आणि शाळेला दोनच गोष्टी विचारा: या पोराला वाचायला शिकवायचा रोजचा तास कोणता, आणि तो घेणारं माणूस कोण? ज्या मास्तरानं खरं सांगितलं की पोर मागं आहे, त्याच्या अंगावर जाऊ नका. त्याच्या बाजूनं उभे राहा, आणि त्याला नोटीस आली तर सगळं गाव घेऊन तालुक्याला जा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.

आणि तुम्ही वरवंडच्या आसपास राहत असाल, शिकवलेलं असेल किंवा नुसतं शांत बसता येत असेल, तर सोमवार ते शनिवार संध्याकाळचा एक तास त्या पोरीला द्या, घर मी दाखवते. तुम्हाला जमत नसेल तर ज्याला जमतं असं माणूस शोधून द्या. याच आठवड्यात द्या.